थर्माकोलची सहा थडगी

माझे पाय एका जागी राहत नाहीत. बसले तरी हलतात, उभी राहिले तरी हलतात. परीक्षेत तर अख्खा बाक थरथरतो आणि पुढच्या बाकावरची मुलगी मागे वळून खाऊ की गिळू अशी बघते. आई म्हणते, बसल्या जागी पाय हलवले की घरातली लक्ष्मी निघून जाते. गेल्या वर्षी आठवीत असताना गॅदरिंगला मला पुतळा केलं होतं. तोंडाला पांढरी पावडर फासून, पांढरं पातळ नेसवून उभं केलं, आणि पडदा वर गेल्यावर दोन मिनिटांत पुतळ्याचा डावा पाय टकटक करायला लागला. श्रीरामपुरात अजून काही लोक मला रस्त्यात बघून "पुतळा चालला" म्हणतात.

यंदा नववीत मात्र माझ्या पायांना काम मिळालं.

आमचं भांड्यांचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर. अण्णा, म्हणजे माझे वडील, भांड्यांवर नावं घालतात. तांब्या-पितळेवर ते छिन्नी-हातोडीने ठोकत, पण आता लग्नात ज्याला त्याला स्टील हवं असतं आणि स्टीलवर छिन्नी घसरते. म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनी एका दवाखान्याच्या जुन्या सामानाच्या लिलावातून दातांच्या डॉक्टरचं पायमशीन आणलं. शिलाई मशीनसारखी खाली पायपट्टी, तिच्यावर मोठं चाक, चाकावरून उंच दांड्यापर्यंत गेलेली दोरी आणि शेवटी हातात धरायची नळी. नळीच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढी कानस गरगर फिरते. पूर्वी ती लोकांच्या दाढा कोरायची, आता 'चि. सौ. कां.' कोरते. गिऱ्हाइकं विचारतात, अण्णा, आमच्या म्हातारीची दाढ पण बघता का? अण्णा म्हणतात, आणा, वर नाव पण घालून देतो.

दुकानात अण्णांचे नियम दोनच. पहिला, गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने चिठ्ठीवर लिहून दिल्याशिवाय भांड्यावर नाव घालायचं नाही. दुसरा नियम मोडीच्या कोपऱ्याचा. लोक जुनी भांडी देऊन नवी नेतात, किंवा नुसतीच देऊन जातात, ती मोड. ती मागच्या खोलीत गोणपाटाखाली पडलेली असते आणि महिन्यातून एकदा पुण्याच्या भट्टीचा टेम्पो येऊन सगळी घेऊन जातो. त्या भांड्यांवरची नावं वाचायची नाहीत. नजर गेलीच तर तोंड उघडायचं नाही. मला हे अण्णांनी मी वाचायला शिकले त्याच वर्षी सांगितलं होतं. माणूस अडल्याशिवाय लग्नातलं भांडं मोडीत देत नाही, आणि दुकानाचं तोंड बंद असतं म्हणूनच तो इथे येतो, असं ते म्हणाले होते.

तर यंदाच्या गॅदरिंगसाठी आमच्या पुष्पावतीबाईंनी स्वतः नाटक लिहिलं. त्यात एक कंजूष सावकार मेल्याचं सोंग घेऊन कबरस्तानात लपतो, आणि खरी भुतं त्याला आपल्यातलाच समजून पंगतीला बसवतात. भुतांच्या कामांसाठी वर्गात मारामारी झाली. मला कोणी विचारलं नाही. विचारणारच नव्हतं. पण बाईंनी म्हटलं की थडगी पुठ्ठ्याची करू, कडेने घडी घालून, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं की पुठ्ठा वाऱ्याने पडेल, मी थर्माकोलची कोरून देते, खरीखुरी, नावासकट, सहा. वर्ग हसला. बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, शनिवारी नाटक आहे, मनकर्णा, शुक्रवारी सकाळी रंगीत तालीम, तोवर थडगी आली नाहीत तर मी पुठ्ठा कापणार.

थर्माकोल रजियाने आणलं. तिचे अब्बा एका डॉक्टरांची जीप चालवतात, आणि डॉक्टरांकडे नुकताच फ्रीज आला होता. फ्रीजपेक्षा खोकंच मोठं. आतले पांढरे जाड तक्ते आम्ही दोघी डोक्यावर घेऊन बाजारातून चाललो. वजन काहीच नाही, पण वारा आला की आम्ही तक्त्यासकट रस्त्याच्या कडेला जायचो. एकाला आम्ही आधी तेली रंग लावून पाहिला. तो तक्ता आमच्या डोळ्यांदेखत चुलीवरच्या तुपासारखा आत आत बसला. मग ठरलं की रंग काजळी, चुना आणि डिंकाचाच.

मशीनवर बसायला अण्णांनी परवानगी दिली ती माझ्यावर विश्वास होता म्हणून नव्हे, तर थर्माकोलवर बिघडण्यासारखं काही नाही म्हणून. पण ते वाटतं तितकं सोपं नव्हतं. पायपट्टी जोरात मारली की कानस तापते, थर्माकोल वितळून तिच्यावर जाळं चढतं आणि घरभर घाण वास सुटतो. हळू मारली की दाणे कच्चकन उपटतात आणि अक्षर उंदराने कुरतडल्यासारखं दिसतं. मधली एक चाल आहे. ती मला पहिल्या संध्याकाळी सापडली. अण्णांना ती सापडायला महिना लागला होता, कारण त्यांना पाय मुद्दाम हलवावे लागतात. मला फक्त ते थांबवायचे नसतात. पांढरे दाणे केसांत, वरणात, आईच्या पोथीत, सगळीकडे जाऊन चिकटले. आई ओरडत होती आणि माझे पाय चालले होते. मला वाटत होतं की मी आता श्रीरामपुरातलं काहीही कोरू शकते.

अडचण नावांची झाली. थडग्यावर नाव हवं, पण कुणाचं? मी वर्गात नावं सुचवली तशी प्रत्येक नावाला कुणीतरी उठलं. एक माझी आत्या आहे, एक माझा चुलता आहे, एक तर हेडबाईंच्या सासूबाई निघाल्या. कुणालाच जिवंत माणसाचं नाव थडग्यावर नको होतं आणि मेलेल्याचं तर त्याहून नको. रजिया म्हणाली, आमच्याकडे कितीतरी कबरींवर नाव नसतं, तू पण नको घालू. पण मी नावासकट म्हणून बसले होते.

बुधवारी दुपारी अण्णा बाजारात गेले होते. मी मागच्या खोलीत सुतळी शोधत होते आणि पाय गोणपाटाला लागला. खाली घागरी, पराती, तांबे. सगळ्यांवर नावं. मी तिथेच उकिडवी बसले. मला वाटलं, ही नावं कुणाचीच नाहीत. ज्यांची होती त्यांनी ती टाकली, आणि चार दिवसांत ती पुण्याला जाऊन वितळणार. यांच्याइतकी बिनमालकाची नावं मला कुठे मिळणार होती? मी वहीची पानं फाडली, एकेका नावावर ठेवली आणि वरून पेन्सिल आडवी घासली. नाव जसंच्या तसं कागदावर उमटलं. सहा नावं घेतली. कागद खळीने तक्त्यावर चिकटवले आणि अक्षराअक्षरावरून कानस फिरवली. जुन्या कारागिराच्या हाताचं वळण इतकं छान होतं की मी त्यातली चूकसुद्धा सोडली नाही. 'गोजरबाई, तिसगाव' असं एक नाव होतं, तांब्याच्या घागरीवरचं. त्यात 'ज'च्या पोटातून छिन्नी घसरून एक लांब रेघ खाली गेली होती, शेपटीसारखी. मी ती शेपटीही कोरली. थडगं म्हातारं वाटायला बरं म्हणून.

अण्णांनी नावं बघितली नाहीत. बघितलं ते खोली किती गेली ते. अंगठ्याने चाचपून म्हणाले, हात बरा आहे. मी त्या तीन शब्दांवर दोन दिवस उड्या मारत होते.

शुक्रवारी रंगीत तालमीला सहा थडगी रंगमंचावर उभी राहिली आणि सगळा वर्ग ती बघायला रंगमंचावर चढला. पुष्पावतीबाई एकेका थडग्यापुढे थांबून वाचत गेल्या आणि मला म्हणाल्या, तुझं नाव कार्यक्रमपत्रिकेत घालू. मी विंगेत उभी राहून दोन्ही पाय हलवत होते आणि कुणी काही म्हणत नव्हतं.

तेवढ्यात पाणीवाल्या मावशी आल्या. त्या आमच्या शाळेत माठ भरतात, मधल्या सुट्टीत ओगराळ्याने सगळ्यांच्या ओंजळीत पाणी घालतात. त्या दिवशी भुतांचे घसे बसले होते म्हणून त्या कळशी घेऊन थेट रंगमंचावर आल्या. पाणी घालता घालता तिसऱ्या थडग्याशी थांबल्या. कळशी खाली ठेवली. वाकल्या. आणि एक बोट पुढे करून त्यांनी ती शेपटी वरपासून खालपर्यंत चाचपली, अंधारात घरातला कडीकोयंडा चाचपावा तशी.

"ह्ये माज्या घागरीवरचं हाय," त्या म्हणाल्या.

मला वाटलं त्या चेष्टा करताहेत. मावशींना वाचता येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पगाराला अंगठा उठवतात. मी हसत विचारलं, मावशी, तुम्हाला काय माहीत काय लिहिलंय ते? त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाल्या, रोज राखुंडीनं घासती मी, बावीस वर्सं झाली, मामानं दिली तवापासनं. ह्या रेघेत राख आडकती, ती काडीनं काढावी लागती.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चार वर्षं मी ह्या बाईच्या हातचं पाणी पीत होते आणि तिचं नाव गोजरबाई आहे हे मला माहीत नव्हतं. शाळेत कुणालाच नव्हतं. नाहीतर थडगं बघताच वर्गातलं कुणीतरी म्हटलं असतं, हे नको, ह्या आपल्या मावशी आहेत.

त्यांनी मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं. घागर आठ दिवसांपूर्वी घरधन्यानं नेली होती. गळती म्हणून, डाग लावून भोक बुजवायला. अजून आणली नव्हती. आज आणतो, उद्या आणतो चाललं होतं.

"तुमच्या दुकानात हाय का, पोरी? येवडंच सांग."

हो म्हटलं तर अण्णांचा नियम गेला. सात वर्षांची असल्यापासून पाळलेला. आणि टेम्पो उद्या, शनिवारी सकाळी दहाला येणार होता. मी म्हटलं, नाही मावशी, नाव मी मनानं काढलं.

त्यांनी माझा हात धरला आणि माझंच बोट त्या रेघेत ठेवलं. "आन् ह्ये बी मनानंच?" एवढंच म्हणाल्या. मग कळशी कडेवर घेतली आणि गेल्या. राहिलेल्या भुतांना पाणी मिळालं नाही.

पुढची तालीम मला आठवत नाही. मी ती थडगी तशीच बगलेत मारून घरी पळाले. रजिया मागून विचारत होती की काय झालं, काय झालं, आणि मला एका जागी उभं राहून सांगताच येईना. गल्लीच्या तोंडापासून उंबऱ्यापर्यंत मी चार वेळा गेले आणि आले. खोटं बोलले होते ते निस्तरलं असतं. पण गप्प बसले तर घागर उद्या वितळणार होती, बोलले तर अण्णा मला परत मशीनला हात लावू देणार नव्हते. दोन्ही गोष्टी इतक्या स्पष्ट दिसत होत्या की त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. तरी मी दुपारभर चालत होते.

दिवेलागणीच्या आधी अण्णांना सगळं सांगितलं. कागद, पेन्सिल, शेपटी, मावशी, सगळं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हातातलं पातेलं पुसून ठेवलं, उठून मशीनची दोरी चाकावरून काढली आणि गुंडाळून खिशात टाकली. मी म्हटलं, निदान त्यांना निरोप देऊ का? ते म्हणाले, ज्याने भांडं दिलं त्याला मी शब्द दिलाय. मी कुणाला बोलावणार नाही आणि तूही कुणाकडे जायचं नाहीस. बोललीस तेवढं पुष्कळ झालं.

त्या रात्री मी झोपेत पाय इतके झाडले की आईने मधे गाठोडं ठेवलं.

शनिवारी सकाळी उठून बघते तर दुकान उघडलेलं. पुढच्या पायरीवर नव्या चकचकीत कळशांच्या रांगेत, अगदी रस्त्याच्या बाजूला, एक जुनी तांब्याची घागर ठेवलेली. घासूनपुसून. नाव रस्त्याकडे. अण्णा गल्ल्यावर बसून पेपर वाचत होते. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी पेपरचं पान उलटलं. म्हणाले, मोडीतलं एखादं भांडं चांगलं निघालं तर आपण ते विकायला ठेवतो. दहाला टेम्पो आला की उरलंसुरलं सगळं जाईल. मग परत पेपर.

मी ओट्यावर थडगी घेऊन बसले आणि मोडक्या ब्लेडने नावं खरवडायला लागले. सहाच्या सहा. कारण गोजरबाई निघाल्या तर बाकीचे पाच जण पण कुठेतरी पाणी भरत असणार. हात तक्त्यावर आणि डोळे रस्त्यावर. मावशी रोज साडेआठला आमच्या दुकानावरून शाळेत जातात. साडेआठ झाले. पावणेनऊ झाले. नऊ. माझे पाय ओट्यावर इतके वाजत होते की अण्णा म्हणाले, दगड फुटेल. मला उठून त्यांच्या घरी धावावंसं वाटत होतं, आणि उठायचं नव्हतं. माझ्या आयुष्यात मी कधी इतका वेळ एका जागी बसले नव्हते.

सव्वानऊला त्या आल्या. घराच्या बाजूने, म्हणजे अजून शाळेत गेल्याच नव्हत्या; उशीर झाला होता आणि भरभर चालत होत्या. पुढे गेल्या. दोन पावलं मागे आल्या. पायरीशी बसल्या आणि घागरीच्या पोटावरून हात फिरवून ते बोट रेघेत घातलं.

अण्णांनी कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारतात तसं विचारलं, काय दाखवू? त्या म्हणाल्या, हीच. मोडीत दुसरं भांडं आणलं तर चालंल का? अण्णा म्हणाले, चालेल, पण दहाच्या आत. मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी ब्लेडकडे बघत होते. त्यांनी मला काही विचारलं नाही आणि अण्णांना तर नाहीच नाही. पदर खोचला आणि आल्या वाटेने गेल्या.

दहाला पाच कमी असताना त्या परत आल्या, डोक्यावर चुंबळ आणि तिच्यावर अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब. आतली राखसुद्धा पुरती झाडली नव्हती. कपाळावर काळे ओघळ आले होते. अण्णा उठून उभे राहिले. बंब घागरीच्या दीडपट भरत होता.

"घरी विचारलंत का?" त्यांनी विचारलं.

"घागर देताना मला कुणी इचारलं हुतं?"

अण्णांनी मान खाली घातली. मला वाटतं ते हसत होते, पण दिसू दिलं नाही. मग म्हणाले, वरच्या वजनाचं दुसरं काही न्या, पातेलं, तांब्या. मावशी म्हणाल्या, भांडं नको. घागरीवर आनखी एक ओळ घाला. ही गोजरबाईची हाय, हिला दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाई, आसं. आन् ती तुमच्या पोरीनं घालायची. शेपूट जमली तिला, आक्षरं बी जमतील.

गल्लीच्या तोंडाशी टेम्पोचा हॉर्न वाजला. अण्णा म्हणाले, आमच्याकडे चिठ्ठीवर लिहून द्यावं लागतं, स्वतःच्या हाताने. मला वाटलं संपलं. पण त्यांनीच कागद आणि पेन्सिल पुढे केली. मावशींनी पेन्सिल घेतली नाही. बंबातल्या काजळीत बोट बुडवलं आणि कागदावर वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढली, थोडी वाकडी, शेवटी निमुळती. ती शेपटी होती. अण्णांनी कागद उलटसुलट करून बघितला, तारेत खोचला, आणि खिशातून दोरी काढून चाकावर चढवली.

तांब्यावर कानस थर्माकोलसारखी पळत नाही. ती अडते, आणि पाय तेवढाच चालू ठेवावा लागतो. मी पहिलं अक्षर घातलं तेव्हा टेम्पोवाला आत येऊन उभा होता. शेवटचं घातलं तेव्हा मोड भरून टेम्पो निघून गेला होता. मधे मला काहीही ऐकू आलं नाही.

मावशी घागर घेऊन गेल्यावर अण्णा म्हणाले, शेवटच्या 'नाही'तला 'ही' जरा चेपला. मशीनची दोरी मात्र त्यांनी काढली नाही.

राहिली होती ती कोरी थडगी. पुष्पावतीबाईंना नाव हवंच होतं, निदान पुढच्या एकावर. परवानगी मिळण्यासारखं एकच नाव माझ्याकडे होतं. मी चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने 'मनकर्णा' असं लिहिलं, तारेत खोचलं आणि कोरलं. रजिया म्हणाली, या अल्ला, तू वेडी आहेस. आईने तर दुपारी जेवण सोडलं. संध्याकाळी पडदा वर जायच्या आधी ती विंगेतून आत शिरली आणि माझ्या थडग्याच्या कोपऱ्यात बोटाने काजळाची तीट लावून गेली.

नाटकात बॅटरीचा झोत त्या नावावर पडला आणि मागच्या रांगेतून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, पुतळा मेला रे. सगळा मंडप हसला. विंगेत मीही हसले. नावं ज्यांची त्यांच्याकडे होती, आणि चेष्टा माझी होती, ती मला चालणार होती.

मावशी भुतांना पाणी घेऊन आल्या होत्या, घरची घागर घेऊन. मी विचारलं, घरी काही बोलले का? त्यांनी हनुवटीने तिसऱ्या रांगेकडे दाखवलं. तिथे कानाला मफलर गुंडाळलेला एक माणूस बसला होता आणि सारखा शिंकत होता.

"त्यो आमचा," गोजरबाई म्हणाल्या. "कामावरनं आला आन् अंघुळीला बंब इचारू लागला. म्हणलं, डाग लावायला दिलाय."